पलीकडचा किनारा

परवा आमच्या नातवाला शाळेतून भूगोलाचा गृहपाठ मिळाला होता. 'बेट म्हणजे काय ते सांगून एक उदाहरण लिहा.' व्याख्या त्याला पाठच होती. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीच्या तुकड्याला बेट म्हणतात. उदाहरण म्हणून त्याने 'अंदमान' लिहिले आणि वही मिटली. मी वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हटले, "अरे, इतक्या लांब कशाला जातोस? तू बसला आहेस ते काय आहे?"

त्याने आधी खाली पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "आजोबा, ही खुर्ची आहे."

"आणि खुर्ची कुठं आहे?"

"आपल्या घरात."

"आणि घर?"

"माहीमला."

"मग झालं तर! माहीम हे बेटच आहे."

तो खदखदून हसला. आजोबांना अधूनमधून असे काही सुचते, हे त्याने एव्हाना गृहीत धरले आहे. सूनबाईनेही स्वयंपाकघरातून इशारा दिला, "बाबा, त्याला उगीच काहीतरी सांगू नका हं. बाई मार्क कापतात." मी गप्प बसलो. पण बेट काही डोक्यातून जाईना. एरवी या पानावर मला जेमतेम हातभर जागा मिळते. दिवाळी अंकात संपादकांचा हात जरा सैल असतो. तेव्हा आज थोडे पाण्यात उतरायला हरकत नाही.

प्रथम हा 'बेट' शब्दच पाहा. आपण बांबूचेही बेट म्हणतो. रानात इतर झाडे विरळ झाली आणि एके ठिकाणी कळकाची दाटी राहिली, की ते कळकाचे बेट. म्हणजे मराठी माणसाला बेट म्हटले की एकटेपणा आठवत नाही, दाटी आठवते. मुंबईच्या लोकलमध्ये रोज चढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको! 'जंजिरा' हा शब्द आपल्याला किल्ल्याचा वाटतो, पण त्याचे मूळ अरबी 'जझीरा', म्हणजे बेटच. आणि संस्कृत 'द्वीप' तर फारच विचार करायला लावणारा आहे. 'द्वि' म्हणजे दोन आणि 'अप्' म्हणजे पाणी. ज्याच्या दोन बाजूंना पाणी ते द्वीप. भूगोलाच्या पुस्तकात चार बाजू, आणि आपल्या पूर्वजांनी मोजल्या दोनच! ते मोजण्यात चुकले असतील असे मला वाटत नाही. ज्यांनी हा शब्द केला ते नदीकाठचे लोक असावेत. नदीच्या पात्रातले बेट त्यांच्या डोळ्यांसमोर असेल. या अंगाला पाणी आणि त्यापलीकडे एक किनारा, त्या अंगाला पाणी आणि त्यापलीकडे दुसरा किनारा. त्यांनी बेट पाहिले तेच दोन किनाऱ्यांच्या मधोमध.

महाभारत ज्यांच्या नावावर आहे ते व्यास अशाच एका बेटावर जन्मले. यमुनेतल्या द्वीपावर जन्म झाला म्हणून ते द्वैपायन आणि वर्णाने सावळे म्हणून कृष्ण. त्यांची आई सत्यवती नाव वल्हवून लोकांना पैलतीरी पोचवीत असे. आपल्या वाङ्मयातला सर्वांत मोठा ग्रंथकार बेटावर जन्मला आणि त्याची आई होडी चालवणारी होती, ही गोष्ट मला भारी आवडते.

बेटांचे जन्म तरी किती तऱ्हांचे! १९६३ सालच्या नोव्हेंबरात आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून धूर येताना कोळ्यांना दिसला. एखाद्या जहाजाला आग लागली असावी, असे त्यांना वाटले. पाहतात तो समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी फुटलेला, आणि थोड्याच अवधीत तिथे जमीन वर आली. पुराणातल्या अग्निदैत्याच्या नावावरून तिचे नाव ठेवले सुर्टसे. १९६७ पर्यंत ते बेट धुमसत राहिले. कोऱ्या जमिनीवर जीवसृष्टी कशी येते ते पाहायचे म्हणून तिथे शास्त्रज्ञांखेरीज कोणाला पाऊल टाकू देत नाहीत. १९६५ साली पहिले रोप उगवले. त्याचे बी लाटांनी आणलेले होते. पुढे कधीतरी तिथे चक्क एक टोमॅटोचे रोप सापडले. शास्त्रज्ञ चकित! शोधाअंती कळले, की त्यांच्यापैकीच कोणीतरी नाइलाजाने आडोशाला जाऊन बसले होते आणि जेवणातले बी तिथे रुजले होते. रोप तत्काळ उपटून टाकण्यात आले. निर्मनुष्य बेट निर्मनुष्य ठेवणे किती अवघड असते पाहा!

त्याआधी, १८८३ च्या ऑगस्टमध्ये, जावा आणि सुमात्रा यांच्यामधले क्राकाटोआ बेट फुटले. तो आवाज जवळजवळ ४,८०० किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. लाटांनी ३६,००० हून अधिक माणसे नेली. बेटाचा बहुतेक भाग नाहीसा झाला आणि उरला त्यावर गवताची काडीसुद्धा राहिली नाही. नऊ महिन्यांनी, १८८४ च्या मे महिन्यात, एक फ्रेंच शास्त्रज्ञ तिथे उतरला. त्याला त्या राखेत सजीव म्हणून एकच प्राणी दिसला. एक बारीकसा कोळी, आणि तो जाळे विणत होता. वाऱ्यावर धागा सोडून तो पलीकडच्या किनाऱ्यावरून आला असला पाहिजे. जाळ्यात सापडायला तिथे चिलटसुद्धा नव्हते, तरी त्याने आपले काम सुरू केले होते.

बेटे जन्मतात तशी बुडतातही. लक्षद्वीपची बेटे पोवळ्याच्या इवल्या किड्यांनी बांधलेली आहेत, आणि समुद्रापासून त्यांची उंची जेमतेम पुरुष-दोन पुरुष. तिथले परळी नावाचे एक निर्जन बेट झिजत झिजत पुरते नाहीसे झाले, असे अभ्यासकांनी २०१७ साली दाखवून दिले. बंगालच्या उपसागरातली गोष्ट तर याहून बोधप्रद. १९७० च्या भयंकर चक्रीवादळानंतर भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर, नदीच्या मुखाशी गाळाचे एक बेट वर आले. आपण त्याला 'पूर्वाशा' म्हटले, त्यांनी 'दक्षिण तलपट्टी' म्हटले. दोन्ही देशांनी त्यावर हक्क सांगितला. १९८१ साली आपण तिथे झेंडाही रोवला. वर्षानुवर्षे पत्रव्यवहार झाला. अखेर २०१० साली कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की बेट पाण्याखाली गेले आहे. भाऊबंदकीच्या वादात वाडाच कोसळावा तशातला प्रकार!

साहित्यात मात्र बेट म्हटले की एकटा माणूस आलाच. रॉबिन्सन क्रूसो आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी वाचलेला असतो, निदान ऐकलेला तरी. डॅनियल डीफोने तो १७१९ साली लिहिला. त्याआधी काही वर्षे अलेक्झांडर सेलकर्क नावाच्या स्कॉटिश खलाशाची हकीकत विलायतेत गाजली होती. या सेलकर्कचे आपल्या कप्तानाशी भांडण झाले. "या गळक्या जहाजावर राहण्यापेक्षा मला या बेटावर सोडा," असे तो रागाच्या भरात म्हणून बसला, आणि कप्तानाने ते ऐकले! होडी परत निघाली तसा सेलकर्कचा राग विरला. त्याने हाका मारल्या, पण होडी फिरली नाही. १७०४ ते १७०९, चार वर्षे आणि चार महिने, तो दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला त्या बेटावर एकटा राहिला. रात्री उंदीर पाय कुरतडीत म्हणून त्याने मांजरे पाळली. बकऱ्यांच्या कातड्याचे कपडे केले. अंतकाळी मांजरे आपल्याला खातील, ही त्याची मोठी धास्ती होती. सुटका झाली तेव्हा त्याचे बोलणे अर्धेमुर्धे झाले होते, असे सोडवणाऱ्या कप्तानाने लिहून ठेवले आहे. ते गळके जहाज मात्र नंतर खरोखरच बुडाले.

पुढची गंमत अशी, की १९६६ साली चिली सरकारने त्या बेटाचे नाव बदलून 'रॉबिन्सन क्रूसो' ठेवले. जो कधी जन्मलाच नाही त्याचे! आणि सेलकर्कचे नाव दिले शेजारच्या दुसऱ्या बेटाला, जिथे तो राहिलाच नव्हता. पुस्तकापुढे माणसाचे काही चालत नाही म्हणतात ते असे.

मात्र क्रूसो पुन्हा वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या शूर गृहस्थाला वादळ घाबरवीत नाही, भूक घाबरवीत नाही. त्याची गाळण उडते ती वाळूत उमटलेले माणसाचे एक पाऊल पाहून. बेटावर आपण एकटे नाही, हे कळल्यावर! ज्या माणसाने वर्षानुवर्षे माणसाची वाट पाहिली, तोच माणसाची खूण पाहून तटबंदी वाढवू लागतो. एकटेपणाची सवय ही अशी विचित्र असते. फ्लॅटचे दार सदा बंद ठेवणाऱ्या आपल्या शहरी मंडळींना तरी हे नवीन वाटू नये.

मराठी वाचकाला बेटाची जी मोठी आठवण आहे ती सुखाची नाही. अंदमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १९०६ साली बांधून पुरा झालेला सेल्युलर तुरुंग उभा राहतो. १९११ च्या जुलैत सावरकरांना तिथे नेले. 'माझी जन्मठेप' वाचून ज्या पिढ्या वाढल्या त्यांना काथ्या आणि कोलू हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. 'काळे पाणी' ही शिक्षा होती. ज्या पाण्याने द्वैपायनाला जन्म दिला, तेच पाणी सरकारच्या हाती भिंत झाले.

पण तुरुंगाच्या कितीतरी शतके आधीपासून त्या बेटांवर माणसे राहत होती. त्यांना ते काळे पाणी नव्हते, ते त्यांचे घर होते. वसाहत आली, तिच्यामागून रोगराई आली, आणि त्या जमाती विरळ होत गेल्या. २०१० सालच्या जानेवारीत अंदमानात बोआ सीनियर नावाची सुमारे ८५ वर्षांची वृद्धा वारली. 'बो' ही भाषा बोलणारी ती शेवटची व्यक्ती. अखेरच्या वर्षांत तिच्याशी त्या भाषेत बोलायला कोणी उरले नव्हते, म्हणून ती पाखरांशी बोलत असे, अशी आठवण तिचा अभ्यास करणाऱ्या भाषातज्ज्ञ बाईंनी सांगितली आहे. सेलकर्कला अखेर जहाज आले. या म्हातारीकडे येणारे जहाज जगात कुठेच नव्हते. बेटावरच्या एकटेपणाची याहून खरी गोष्ट मला ठाऊक नाही.

याउलट मॉरिशस पाहा. १५९८ साली डच तिथे उतरले तेव्हा डोडो नावाचा न उडणारा, भला थोरला पक्षी तिथे सुखाने नांदत होता. माणसाचे भय त्याला ठाऊकच नव्हते. पाऊणशे वर्षेही लागली नाहीत. १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. त्याच बेटावर १८३४ पासून आपल्याकडचे मजूर गिरमिटावर ऊस तोडायला जाऊ लागले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. पुष्कळांना परतीचा किनारा पुन्हा दिसला नाही. पण त्यांनी गणपती सोडला नाही. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. उच्चार थोडा बदलला, ठेका राहिला. उसाच्या शेतात राबणाऱ्या माणसांनी हजारो मैलांवरचा किनारा असा दरसाल डोळ्यांपुढे उभा केला.

आपल्या इतिहासात ज्याला बेटाचे मर्म पुरते कळले होते तो पुरुष म्हणजे शिवाजी महाराज. १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर त्यांनी सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. चोहीकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. नावे ठेवणाऱ्याने तहानेची किंमत जाणली होती. १६७९ साली मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर त्यांची माणसे तट बांधू लागली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी गलबते पाठवली, वेढा घातला. पण मावळ्यांच्या लहान होड्या रात्री वाऱ्याचा अंदाज घेऊन रसद पोचवीतच राहिल्या, आणि अखेर इंग्रजांनाच नमते घ्यावे लागले. २०२५ च्या जुलैत ज्या १२ मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग आणि खांदेरी दोन्ही आहेत. तट तर पुष्कळांनी बांधले. पण किनाऱ्याशी होडीची वाट तुटू दिली नाही म्हणून खांदेरी टिकली.

आणि आता आमची मुंबई. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ही सात बेटे. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ साली त्याने ती कंपनीला सालीना १० पौंड भाड्याने देऊन टाकली. त्या काळी भरतीचे पाणी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून आत शिरत असे. चिखलपाण्यातून आलेला माणूस जिथे पाय धूत असे ती पायधुणी. आज तिथे पाय ठेवायला जागा नाही ही गोष्ट वेगळी! ते खिंडार १७८४ च्या सुमारास बुजवले. भरणीत सापडलेल्या मूर्तींवरून महालक्ष्मीचे देऊळ झाले, अशी आख्यायिका आहे. १८३८ साली कुलाब्याचा रस्ता झाला. माहीम-वांद्र्याच्या खाडीत मात्र होड्या उलटत राहिल्या. सरकारकडे पैसा नव्हता, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, या वाटेवर कोणाकडून पट्टी घ्यायची नाही. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. रोज लाखो माणसे त्यावरून जातात. आवाबाईंची आठवण किती जणांना होते कोण जाणे.

अशी सात बेटे एक झाली, आणि आपण बेटावर राहतो हे आपण विसरलो. भरणी करण्याला माझा विरोध आहे असे नाही. ती केली नसती तर माझे निम्मे नातेवाईक पाण्यात उभे असते! पण पाण्याला वाट ठेवायची असते हेही आपण विसरलो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात समुद्राला भरती. ज्या मिठी नदीला आपण नाला म्हणू लागलो होतो ती आपली रुंदी मागायला घराघरांत शिरली. त्या रात्री गल्लीगल्लीची बेटे झाली. आणि त्याच रात्री ज्यांची नावेही ठाऊक नव्हती अशा लोकांनी एकमेकांना हात धरून पाण्यातून काढले, परक्यांना घरात घेऊन चहा दिला. बंद दारे एका रात्रीपुरती उघडली. दुसरा किनारा म्हणतात तो काही फार लांब नसतो, पुष्कळदा समोरच्या ब्लॉकमध्ये असतो.

मुंबईच्या पूर्वेला घारापुरी आहे. पोर्तुगिजांनी तिथला दगडी हत्ती पाहून तिचे नाव एलिफंटा ठेवले. तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत येऊन उभा आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराची ती भव्य त्रिमूर्ती पाहायला जग लोटते आणि संध्याकाळच्या लाँचने परत जाते. मागे राहतात शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन वस्त्यांची माणसे. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत, आणि या लोकांना जनरेटरवर संध्याकाळचे काही तास उजेड. समुद्राच्या तळातून केबल टाकून तिथे वीज पोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. स्वातंत्र्य मिळून ७० वर्षे झाली होती. मुंबईपासून तासाभराच्या वाटेवर! त्यांना आपला किनारा रोज दिसत होता. आपल्याला त्यांचा दिसला नाही.

गृहपाठाचे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी वही पाहिली तर 'अंदमान' खोडून त्याने 'माहीम' लिहिले होते आणि त्यावर लाल शाईचे प्रश्नचिन्ह होते. मार्क गेला नव्हता, पण मिळालाही नव्हता. सूनबाईने माझ्याकडे जे पाहिले ते मी इथे लिहीत नाही. संध्याकाळी नातवाला घेऊन वांद्र्याच्या गाडीत बसलो आणि पूल येताच त्याला दाराशी नेले. बाकीची मंडळी नाकाला रुमाल लावून उभी होती. खाली काळेशार पाणी, कडेला थोडीशी तिवरे, त्यांत एक पांढरा बगळा.

"हेच का ते पाणी?" त्याने विचारले.

"हेच."

"मग आता आपण बेटावर नाही?"

तसे म्हटले तर वांद्रेही साष्टीच्या बेटावरच आहे. पण तेवढ्यात स्टेशन आले, आणि मी ते पुढच्या खेपेसाठी राखून ठेवले. या सुटीत त्याला घारापुरीला नेईन म्हणतो. लेणी पाहू, आणि उतरताना धक्क्यावर थोडे थांबून तिथून मुंबईकडे पाहू. इतकी वर्षे मुंबईत काढली, पण मी स्वतः तिकडून इकडे नीटसे कधी पाहिलेले नाही.